झिंगूला कोणी नेलं

नागभीड,
१२ जानेवारी २०२५

रोशन सर,

जय भीम. अक्षर ओळखलं असेल. अकरा वर्षं वसतिगृहाची हजेरी मी ह्याच अक्षरात लिहिली आणि खाली तुम्ही सही केलीत.

माझं बरं चाललं आहे. भावाच्या घराशेजारी दोन खोल्या आहेत. गुडघे दुखतात, बाकी काही नाही. निशा तुमच्या संस्थेच्या चंद्रपूरच्या शाळेत शिकवते, ते तुम्हाला माहीतच आहे.

मागच्या रविवारी ती घरी आली होती. मी अंगणात तांदूळ पाखडत होते. "आई, तुमच्या वसतिगृहाची गोष्ट सर सांगून राह्यले," म्हणत तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. मी हात पुसून बसले.

तुम्ही चांगले दिसता. केस पांढरे झालेत, शोभतात. मागे फलक होता, 'बायबलमधून नेतृत्व, धडा सातवा: हरवलेलं मेंढरू'. तुम्ही म्हणालात, खरा मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून एकाच्या मागे जातो. नेता तोच. आणि मग म्हणालात, हे मी पुस्तकात नाही शिकलो, भामरागडच्या पुरात शिकलो. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी तापानं फणफणलेली एक माडिया पोर तुम्ही खांद्यावर घेतली. कमरेएवढ्या पाण्यातून अकरा किलोमीटर चाललात. दवाखाना दिसायला लागला आणि तिनं तुमच्या खांद्यावर जीव सोडला. तिथे तुमचा आवाज बरोबर कापला. समोरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मी चारदा पाहिलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुठल्या पोरीची गोष्ट असेल. मग तुम्ही झिंगूचं नाव घेतलं.

सर, मी तुमच्या ख्रिस्ती मंडळीतली नाही. पण तुमच्या प्रत्येक शिबिरात चहाची किटली घेऊन मी दारात उभी असायची आणि त्या गोष्टी मला फार आवडायच्या. मोशे, नहेम्या, दावीद, सगळे मला पाठ आहेत. म्हणून त्या दिवशीची गोष्टही मला पाठ आहे.

१३ ऑगस्ट २०१८, सकाळ. झिंगूला दोन दिवसांपासून थंडी वाजून ताप येत होता. मी तिला चादरीत गुंडाळून जीपच्या मागच्या सीटवर बसवलं होतं. तुम्हाला नागपूरला शिबिराला जायचं होतं. सीटवर तुमचा स्पीकर ठेवायचा होता. भामरागडचा दवाखाना वाटेतच होता. तुम्ही म्हणालात, "बाई, तिथं थांबलो तं पूल बुडते. दोनशे लोक माझी वाट पाहून राह्यले."

मी म्हटलं, थांबू नका, दारात उतरवून द्या, मी संग येते.

तेव्हा तुम्ही हसून विचारलंत, "इथ्रो सासऱ्यानं मोशेले काय सांगितलं व्हतं? काम वाटून दे. वसतिगृह तुमचं काम, शिबिर माझं."

मी काही बोलायच्या आत झिंगू स्वतःच खाली उतरली. आपल्यामुळे मोठी माणसं भांडत आहेत असं तिला वाटलं. अकरा वर्षांची पोर.

दोन गोष्टी करा. तो व्हिडिओ काढून टाका. आणि हिरमेट्ट्याला जाऊन तिच्या बापाला, लालसूला, खरं सांगा. एक महिना वाट पाहीन.

मनकर्णा


नागभीड,
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय रोशन सर,

तुमचा मदतनीस अतुल काल येऊन गेला. मुलगा नम्र आहे, चप्पल दाराबाहेर काढून आत आला. तुम्ही पाठवलेली पत्रिका दिली. महिला दिनाला, ८ मार्चला, चंद्रपूरच्या सभागृहात तुमचं मोठं शिबिर आहे, त्याच दिवशी संस्थेचे प्रमुख म्हणून तुमचं नाव जाहीर होणार आहे, आणि त्या कार्यक्रमात सेवा केलेल्या बायकांचा शाल देऊन सत्कार आहे, त्यात माझं नाव पहिलं आहे, हे त्यानं सगळं सांगितलं. बाईंनी दोन शब्द बोलावेत अशी सरांची इच्छा आहे, असंही म्हणाला.

व्हिडिओचं विचारलं तर त्यानं मान खाली घातली. सरांनी निरोप दिला आहे म्हणाला, "बाई समजदार आहेत. कागदावर त्यांची सही आहे."

आहे सर. मला आठवते.

रागाच्या भरात मागचं पत्र लिहिलं गेलं. म्हातारपणी डोकं लवकर तापतं. तुम्ही मान देत आहात, तो मी घेईन. सत्काराला येते.

तुमची,
मनकर्णा


नागभीड,
२३ फेब्रुवारी २०२५

रोशन,

आजपासून तुला अहो-जाहो नाही. मी तुझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी आहे आणि तुझी नोकर राहिलेली नाही.

हे पत्र आज लिहितेय, पण पेटीत ८ मार्चला टाकीन. शिबिर झाल्यावर तुला मिळेल. आधी मिळालं तर तू माझ्या हातात माइक देणार नाहीस.

तू गेल्यावर काय झालं ते तू मला कधी विचारलं नाहीस. कागद लिहायला आलास तेव्हाही नाही. तू फक्त तारखा विचारल्या.

तुझी जीप गेली त्याच दुपारी वसतिगृह आणि भामरागड यांच्यामधला नाला चढला. फोन बंद. गोळ्या होत्या त्या दिल्या. पंधरा तारखेला पोरींनी झेंडा लावला. झिंगूनं खिडकीतून पाहिला. त्या दिवशी ती मला ओळखत होती. सोळा तारखेला ओळखेना, गोंडीत आईशी बोलायला लागली. आई तिची कधीच गेलेली. मग मी खाट उलटी केली, पायांना दोर बांधले, वरून मेणकापड टाकलं आणि दहावीच्या चार पोरींना घेऊन निघाले. बाकी पोरी मी स्वयंपाकीणबाईवर सोडल्या. चार पोरींनी चार बाजू धरल्या. खांदा बदलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच फिरत्या क्रमानं एकेकीला सोडवत होते. सात किलोमीटर चाललो. नाल्यावर आलो तर पाणी झाडांना लागलेलं. पलीकडे दवाखान्याकडे जायचा रस्ता दिसत होता. आम्ही काठावर बसलो, पाणी उतरायची वाट पाहत. दुपारी चारच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की मी जो हात चोळतेय तो गार झालाय. पोरींना मी लगेच सांगितलं नाही. आणखी अर्धा तास चोळत राहिले.

दवाखाना तिला कधी दिसला नाही, रोशन. तू व्हिडिओत दाखवलास तिला.

आता माझं लिहिते, जे मी पहिल्या पत्रात लपवलं.

तू पाच दिवसांनी आलास. कागद टाइप करून आणला होतास. त्यात लिहिलं होतं की ताप जीप गेल्यानंतर आला, पालकांना वेळीच कळवलं होतं, पालकांची तक्रार नाही. मी वाचला. न वाचता सही केली असं मी सांगू शकते, पण मी वाचला होता. तू म्हणालास, चौकशी लागली तर वसतिगृह बंद होईल, पंचावन्न पोरी घरी जातील, त्यांची लग्नं लागतील. आणि मग जाता जाता म्हणालास की निशाचं बी.एड. झालंय ना, चंद्रपूरला एक जागा आहे.

मी सही केली. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. तू मला तो कागद घेऊन हिरमेट्ट्याला पाठवलंस, कारण लालसूचा माझ्यावर विश्वास होता. पोरीला वसतिगृहात टाकायला तो आला तेव्हा तिचं बोट त्यानं माझ्या हातात दिलं होतं. मी त्याच्या घरी गेले, त्यानं मला जेवायला घातलं, आणि जेवण झाल्यावर मी शाळेचा कागद आहे सांगून त्याचा अंगठा घेतला.

तू शिबिरात दावीदाची गोष्ट सांगायचास. दावीद राजानं आपल्या शिपायाला, उरीयाला, मारायचं पत्र लिहिलं आणि ते उरीयाच्याच हाती सेनापती यवाबाकडे पाठवलं. मग नाथान संदेष्टा येऊन दावीदाला म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. ह्यातून तू धडा काढायचास की नेत्यानं चूक कबूल करावी. सगळे वहीत लिहून घ्यायचे. यवाबाचं कधी कोणी विचारलं नाही. त्यानं पत्र वाचलं आणि सांगितलं तसं केलं. साडेसहा वर्षं मी त्या यवाबाचा विचार करतेय.

तुला बुडवायचं तर मलाही पाण्यात उतरावं लागणार. म्हणून १९ तारखेला मी हिरमेट्ट्याला गेले. बस भामरागडपर्यंत, पुढे चालत. लालसू कुंपणाला बांबू लावत होता. म्हातारा झालाय. मला बघून खूश झाला, बसायला बाज टाकली. मी बसले नाही. उभ्यानं सगळं सांगितलं. जीप, स्पीकर, कागद, अंगठा, निशाची नोकरी. तुझा व्हिडिओ पण सांगितला.

त्यानं कोयता खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "त्या कागदावर खरं लिवलं अस्तं, तं पोरगी परत आली अस्ती का?"

मी म्हटलं, नाही.

"मंग मले आता काऊन सांगून राह्यली?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, मला रोशन सराचा सूड घ्यायचा आहे, तू माझ्यासोबत चंद्रपूरला चल, स्टेजवर उभा राहा, लोकांनी तुला बघावं.

तो म्हणाला, "तवा बी तुले माझा अंगठा पायजे व्हता. आता बी तुले माझं तोंड पायजे." आणि त्यानं बाज उचलून भिंतीला उभी करून ठेवली.

मी एकटीच येणार आहे.

मनकर्णा


नागभीड,
११ मार्च २०२५

रोशन,

तू मागच्या दारानं गेलास, म्हणून पुढचं तुला कोणी धड सांगितलं नसेल. मी सांगते.

तू असताना जे झालं ते दोघांनाही माहीत आहे. तू मला शाल पांघरलीस. माझा हात धरून लोकांना म्हणालास, "पुरात माझ्यासोबत चालणारी ती बाई हीच." टाळ्या झाल्या. मी बघत होते की तुझा हात कापतो का. नाही कापला. तुला खरंच वाटायला लागलं असावं की तू तिथे होतास. मग तू माइक दिलास.

मी भाषण लिहून आणलं होतं, ते पिशवीतच राहिलं. मी एवढंच म्हणाले की झिंगूची खाट चार पोरींनी उचलली, आणि त्यांची चारही नावं सांगितली. म्हटलं, सर त्या दिवशी नागपूरला होते, शिबिर घेत होते, पोरीच्या जागी जीपमध्ये त्यांचा स्पीकर गेला होता.

अतुलनं माइक बंद केला. त्याला मी दोष देत नाही, तुझ्या नजरेनं त्याला सांगितलं. पण पंचावन्न पोरींना जेवायला हाक मारणारी बाई मी. मला माइक लागत नाही. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी माझा आवाज दाबायला गाणं सुरू केलं, दोन ओळी झाल्या आणि थांबलं. तू म्हणालास, बाईंची तब्येत बरी नाही, वयामुळे गोंधळ होतो. आणि फोन कानाला लावून निघून गेलास.

तू गेल्यावर लोक चुळबुळायला लागले. माझ्यावर कोणाचाही विश्वास बसत नव्हता, हे खरं सांगते. एक माणूस उठून म्हणाला, पुरावा आहे का? माझ्याकडे पुरावा नव्हता. जो होता त्यावर माझीच खोटी सही.

तेव्हा मधल्या रांगेतली एक बाई उभी राहिली. साधारण माझ्याच वयाची. घुग्घुसची धुरपताबाई, नवरा कोळसा खाणीत होता. तू तिला ओळखतोस, तुझ्या प्रत्येक शिबिराला असते. ती म्हणाली, "नागपूरच्या त्या शिबिरात मी व्हती. तीन दिवस. शेवटच्या दिवशी सरांनीच मले प्रमाणपत्र देल्लं." ती रडत होती. प्रमाणपत्र तिनं घरी भिंतीवर लावलंय. तिच्या सुनेनं फोनवर त्याचा फोटो मागवला आणि फोन एका हातातून दुसऱ्या हातात फिरत गेला. खाली तुझी सही, शेजारी तारीख. १६ ऑगस्ट २०१८.

मी कल्पनाही केली नव्हती. मी तुझे शत्रू शोधत होते, आणि तुला पाडलं तुझ्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या बाईनं.

लोक माझ्या बाजूनं झाले. एकीनं येऊन माझे पाय धरले. तिथेच मी थांबले असते तर मी त्या सभागृहातून देवी होऊन बाहेर पडले असते. मोह झाला, रोशन. तुला कसं वाटत असेल ते मला त्या दोन मिनिटांत कळलं. मग मी कागदाचं सांगितलं. माझी सही, लालसूचा अंगठा, निशाची नोकरी. पाय धरणारी बाई उठून मागे गेली. धुरपताबाईनं मला विचारलं, "तुम्ही बी?" मी हो म्हटलं.

निशा सभागृहातच होती. तिला मी आधी सांगितलं नव्हतं, कारण ती मला अडवेल अशी भीती होती. बाहेर पायऱ्यांवर तिनं माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सात वर्षं मी पोरींले खरं बोला म्हणून शिकवून राह्यली." काल तिनं राजीनामा दिला. मैत्रिणीकडे राहते. माझा फोन उचलत नाही.

तुझं नाव जाहीर झालं नाही, हे तुला कळलं असेलच. मला वाटलं होतं, त्या दिवशी मी पोटभर जेवीन. घरी येऊन चहा पण गेला नाही. पण हे वाचून तुला वाटेल की मला पस्तावा झाला. नाही झाला. तू दारातून जाताना तुझी पाठ मी पाहिली, ती मला अजून दिवसातून दहादा आठवते आणि दर वेळी बरं वाटतं.

मनकर्णा


नागभीड,
१३ एप्रिल २०२५

रोशन,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, सुंदर अक्षर. तू कबूल केलंस, रडलास असंही लिहिलंस. तू लिहितोस, येशूचा शिष्य पेत्र यानं विचारलं होतं, किती वेळा क्षमा करावी, सात वेळा? आणि येशू म्हणाला, सातांच्या सत्तर पट. म्हणून मी संस्थेच्या समितीसमोर लिहून द्यावं की मी तुला क्षमा केली. समिती तुझं काय करायचं ते ठरवायला ३० तारखेला बसणार आहे, त्याआधी द्यावं.

तारीख लिहिली नसतीस तर मी कदाचित अडखळले असते.

तुझ्या गोष्टी फार चांगल्या आहेत. त्या तू कोणासाठी सांगतोस, एवढंच वाईट आहे. पंचवीस वर्षं तू लोकांना शिकवलंस की प्रत्येक गोष्टीतून पुढाऱ्यानं काय घ्यावं. झिंगूतूनही तू घेतलंस.

क्षमा माझ्याकडे मागू नकोस. माझं तू काही नेलं नाहीस, मी स्वतः दिलं. जिचं नेलं ती नाही, आणि जो आहे त्याच्याकडे तू साडेसहा वर्षांत एकदाही गेला नाहीस. ह्या पत्रातही लालसूचं नाव नाही. मी दोनदा शोधलं.

मी मात्र परत गेले. मोहफुलांचे दिवस आहेत, गाव सगळं रानात. लालसू झाडाखाली फुलं वेचत होता. मी त्याच्यापासून जरा लांब बसून वेचायला लागले. त्यानं हाकललं नाही. टोपली भरल्यावर मी म्हटलं, तो कागद खोटा होता असं मला पोलिसांत लिहून द्यायचं आहे. ह्या वेळी आधी तुला विचारते. तू नको म्हणशील तर नाही देणार.

तो म्हणाला, "लिवून दिलं तं काय हुईल?"

मी सांगितलं, चौकशी होईल. सराला बोलावतील. मलाही बोलावतील. खोटा कागद केला म्हणून दोघांवरही गुन्हा लागू शकतो. तुलाही जबाब द्यायला यावं लागेल.

त्यानं टोपली उचलली. आम्ही घरापर्यंत चालत गेलो. अंगणात त्यानं फुलं वाळत टाकली, सगळी पसरून झाली, मग बोलला.

"लिवून दे. पर तुझं नाव पयलं टाक. त्या साहेबाले मी दोनदा पाह्यलं. तू माझ्या घरी जेवली व्हती."

मी त्याच्यासमोरच लिहिलं. सहा पानं झाली. वाचून दाखवलं, एक-एक ओळ गोंडीत समजावली. माझी गोंडी तेवढी आहे. दोन ठिकाणी त्यानं थांबवून दुरुस्त केलं. एका ठिकाणी मी लिहिलं होतं की झिंगूला मी माझ्या पोरीसारखं सांभाळलं. तो म्हणाला, ते काढ. मी काढलं.

परवा, शुक्रवारी, भामरागडला पोलीस ठाण्यात देऊन आले. पोचपावतीवर शिक्का आहे. एक प्रत तुमच्या समितीला टाकली, एक ह्या पाकिटात आहे. नीट वाच. तारखा तपासून घे, त्यात तू हुशार आहेस. चूक सापडली तर कळव, मी दुरुस्त करीन.

पहिलं नाव माझं आहे. दुसरं तुझं.

मनकर्णा